गोल्डन बोर्डाला हळदकुंकू

दसऱ्याच्या सुट्टीनंतर कंपनी उघडली आणि पहिल्याच सकाळी गोल्डन बोर्ड नापास झाला.

मला हे कळायला बराच वेळ लागला. मी बसते ती रीवर्कची, म्हणजे नापास माल दुरुस्त करायची, खोली काचेची आहे. बाहेरचं सगळं दिसतं, ऐकू काही येत नाही. त्यामुळे मला दिसलं ते असं: टेस्टिंगच्या टेबलाशी आधी एक माणूस, मग तीन, मग अर्धी लाइन जमली. सगळे वाकून काहीतरी बघतायत. मला वाटलं, कुणाचा तरी वाढदिवस असावा, केक कापतायत. आपल्याला बोलावलं नाही म्हणून जरा वाईटही वाटलं. मग आमचे प्लांट मॅनेजर पाटणकर सर आले, वाकले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. केक बघून कुणी कपाळाला हात लावत नाही. तेव्हा मी उठून बाहेर गेले.

पुण्याजवळ उरवड्याच्या आमच्या या कंपनीत दुधाचं फॅट मोजणाऱ्या मशीनचे सर्किट बोर्ड बनतात. बोर्ड म्हणजे पोस्टकार्डाएवढी हिरवी पाटी, तिच्यावर बारीक बारीक भाग जोडलेले. गोल्डन बोर्ड काही सोन्याचा नसतो. मशीन विकणाऱ्या गिऱ्हाइकानं ‘हा अगदी हवा तसा आहे’ म्हणून मंजूर करून दिलेला तो एकुलता एक नमुना. रोज सकाळी टेस्टर सुरू केला की आधी हा बोर्ड लावायचा. टेस्टरनं त्याला पास म्हटलं तर टेस्टर शुद्धीवर आहे असं धरायचं, आणि मग दिवसभराचे बोर्ड तपासायला घ्यायचे. तोच नापास झाला तर लाइन थांबते. बोर्ड बाहेर पाठवताच येत नाहीत. त्यातून दिवाळी तोंडावर आलेली.

कारण शोधायला फार डोकं लावावं लागलं नाही. ते लाल-पिवळं होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा होते. स्क्रूड्रायव्हर, लाइनचा सरकता पट्टा, कॉम्प्रेसर, गेल्या वर्षीपासून चहाचं मशीनसुद्धा. टेस्टिंगचे दत्ताभाऊ जवळच्याच गावातले, सगळं मनापासून करणारे. त्यांनी गोल्डन बोर्ड त्याच्या खास डबीतून काढला, पाटावर ठेवला, ओलं हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. त्याच्या कडेला टेस्टरची वायर लावायचा कनेक्टर आहे. झेंडूचं देठ बसवायला त्याची खोबण अगदी मापाची निघाली. सुट्टीभर ते ओलं देठ तिथेच होतं. आत पिनांवर हिरवा गंज चढला.

“म्या काय वंगाळ केलं, साहेब?” दत्ताभाऊ म्हणत होते. “कंपनीतला सगळ्यात मानाचा बोर्ड हाय. स्क्रूड्रायव्हरला कुंकू लावायचं अन् ह्याला कोरडं ठेवायचं? मनाला पटंना.”

पाटणकर सरांना रागावताही येईना. नारळ त्यांनीच फोडला होता. आरतीला सगळ्यांत मोठा आवाजही त्यांचाच होता.

आता या सगळ्यात मी कुठून आले, ते सांगते.

मी मूळची बार्शीची. मुलगा शिकायला पुण्याला आला तेव्हा त्याच्या जेवणाखाण्याचं बघायला म्हणून मी त्याच्यासोबत आले. पिरंगुटला खोली घेतली, आणि रिकामं बसून काय करायचं म्हणून या कंपनीच्या प्लॅनिंगमध्ये लागले. मुलगा शिकला, त्याला नोकरी लागली, तो मित्रांबरोबर हिंजवडीला राहायला गेला. मी पिरंगुटला उरले. हिंजवडी डोंगराच्या पलीकडे, म्हणाल तर जवळच. पण तिथल्या ट्रॅफिकमधून इकडे येण्यापेक्षा बार्शीला जाणं सोपं आहे असं मुलाचं म्हणणं आहे. तो बार्शीलाही जात नाही, ही गोष्ट वेगळी.

प्लॅनिंग म्हणजे कुठला माल कधी बनवायचा ते ठरवणं. माझ्या टेबलाशी दिवसभर माणसं भांडायला यायची. स्टोअरवाला यायचा, लाइन लीडर यायची, डिस्पॅचवाला तर माझ्याच डब्यातली चटणी खात खात भांडायचा. घरी जाऊन मी नवऱ्याला फोनवर सांगायचे की डोकं उठलं नुसतं. मग नवीन सॉफ्टवेअर आलं. ते तारखा स्वतः ठरवतं. त्याच्याशी भांडता येत नाही, म्हणून भांडायला येणं बंद झालं, आणि माझी खुर्चीही गेली. पाटणकर सरांनी मला बोलावलं. रीवर्कला माणूस हवंय, शिकणार का, दिवाळीपर्यंत बघू, म्हणाले. नाहीच जमलं तर मग ‘काय ते’ बघू, असंही म्हणाले. ते ‘काय ते’ काय, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

नवरा म्हणाला, “कशाला या वयात चटके घेतेस? नाही जमलं तर ये इकडे.” तो बार्शीला कॉलेजात क्लार्क आहे. घरात सासूबाई आहेत, धाकटा दीर-जाऊ आहेत, त्यांची मुलं आहेत. त्या घरात एकटं बसायचं म्हटलं तर गच्चीवर जावं लागतं, आणि तिथेही कुणीतरी पापड राखत बसलेलं असतं. त्यामुळे ‘ये इकडे’ हे काही वाईट आमंत्रण नव्हतं.

तरी मी शिकायला बसले.

मला शिकवलं रेश्मानं. ती पौडची, वडिलांचं तिथे बाजारात कापडाचं दुकान आहे. डिप्लोमा केलेली, माझ्या मुलाहून थोडी मोठी, बोलायला तिखट. तिला दिवस गेलेले होते. डॉक्टरांनी सोल्डरच्या धुरापासून लांब राहायला सांगितलं होतं, म्हणून ती मास्क लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसायची आणि तिथून मला ओरडायची.

सोल्डर म्हणजे लवकर वितळणारी कथलाची तार. आयर्न म्हणजे टोक तापणारी जाड पेन्सिल. मला वाटलं, तार आयर्नवर वितळवायची आणि जिथे हवी तिथे सोडायची, पुरणपोळीवर तूप सोडतात तशी. तसं केलं की कथिल साबुदाण्यासारखं गोल होऊन बसतं. वरून जोड लागल्यासारखा दिसतो, आतून पिनेचा आणि त्याचा काही संबंध नसतो.

“काकू, फोडणी नाही घालायची,” रेश्मा म्हणायची. “आयर्ननं जागा तापवा. तापलेली जागा तार वितळवंल.”

हे कानांना लगेच कळलं. हाताला कळायला वेळ लागला. त्यात मनगटाला पट्टा. अंगातली वीज बोर्डात शिरून भाग बिघडू नयेत म्हणून आम्ही मनगटाला एक पट्टा बांधतो आणि त्याची वायर टेबलाला जोडतो. मी ती विसरून उठायचे आणि टेबल मला परत खाली बसवायचं. रेश्मा हसायची. म्हणायची, तुम्हाला जाऊ देत नाही तो.

जोडण्यापेक्षा काढणं अवघड. पिन ज्या छिद्रातून जाते त्याच्याभोवती टिकलीएवढं तांब्याचं कडं असतं. त्याला पॅड म्हणतात. जास्त तापवलं किंवा ओढाताण केली तर पॅड टिकलीसारखाच निघून येतो. फरक इतकाच की टिकली परत चिकटते, पॅड चिकटत नाही. जुनं कथिल निघायला हटून बसलं तर त्याच्यावर आधी थोडं नवं कथिल घालायचं, हे ऐकून मला वाटलं रेश्मा माझी फिरकी घेतेय. काढायचं म्हणून घालायचं कसं? पण ते खरंच आहे. जुनं कथिल वाळलेलं असतं, उष्णता पुढे जाऊ देत नाही. नव्याच्या सोबतीनं तेही वितळतं आणि दोन्ही एकदम निघतात.

नवरात्राच्या आधी रेश्माला डॉक्टरांनी घरी झोपून राहायला सांगितलं. ती गेली. त्या खोलीत मी, आयर्न आणि धूर ओढणाऱ्या पंख्याचा आवाज, एवढंच उरलं. काचेतून सगळे दिसायचे. हसताना दिसायचे, भांडताना दिसायचे. कुणाचं कशावरून चाललंय याचा मी अंदाज लावत बसायचे. आत कुणी यायचं नाही, कारण आत यायला पट्टा लावा, कोट घाला, बूट बदला. एवढं करून माझ्याशी गप्पा मारण्याइतकी मी इंटरेस्टिंग नाही, हे मलाही मान्य आहे.

तर तो गोल्डन बोर्ड.

पाटणकर सरांनी सगळे मार्ग बघितले. गिऱ्हाइकाकडून नवा नमुना मंजूर करून आणायचा तर दिवाळी जाणार. बोर्ड दुरुस्तीला बाहेर द्यायचा तर तो कंपनीच्या बाहेर न्यायचा नाही असा करार. औषधानं धुऊन पाहिला, दोन-तीन पिना काही शुद्धीवर येईनात. कनेक्टर बदलणं हाच उपाय होता. गिऱ्हाइकाला फोन झाला. ते म्हणाले, बदला, पण पॅड उचलला गेला तर हा नमुना रद्द.

सर काचेच्या खोलीत आले. कोट घालून, बूट बदलून आले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

“रेश्माला बोलावता नाही येणार,” ते म्हणाले.

“नाही येणार.”

“दुसरं कुणी आहे का हे करणारं?”

“कुणी नाही, सर.”

“मग तुम्हीच करा,” ते म्हणाले. दाराशी जाऊन वळले आणि म्हणाले, की हे नीट झालं तर दिवाळीपर्यंत थांबायची गरज नाही, मी रीवर्कला कायम. नीट झालं नाही तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही. सज्जन माणूस आहे.

मी बोर्ड मायक्रोस्कोपखाली धरला. दोन रांगांत पिना, त्यांच्या मुळाशी हिरवट शेवाळ, आणि एका पिनेजवळ कुंकवाचा एक कण, मायक्रोस्कोपमध्ये विटेएवढा दिसणारा. मी चुकून नमस्कार केला.

एकदम त्याला हात लावायची छाती नव्हती. आमच्याकडे भंगारातले बोर्ड असतात, तसलाच कनेक्टर असलेले. त्यातला एक घेतला. सकरनं, म्हणजे कथिल ओढून घेणाऱ्या पिचकारीनं, एकेका पिनेचं कथिल ओढलं. मग कनेक्टर हलवला. हलला. अजून हलवला. आला, आणि त्याच्यासोबत दोन पॅड आले.

दुसरा घेतला. एक पॅड आला.

तिसऱ्याला मी आयर्नचं तापमान वाढवलं. पॅड तर आलेच, बोर्डही तपकिरी पडला आणि खोलीत जळका वास भरला. बाहेरून दत्ताभाऊ काचेला नाक लावून बघत होते. त्यांनी खुणेनं विचारलं, झालं का? मी खुणेनं सांगितलं, जेवायला जा.

जेवायच्या सुट्टीत मी गेटजवळच्या शेडमध्ये गेले. फोन आत नेता येत नाही. तिथून रेश्माला लावला. तिच्या घरात कुकरची शिट्टी, टीव्ही, कुणीतरी कुणाला पाणी मागत होतं. मी सगळं सांगितलं. ती मधेच म्हणाली, “काकू, जुना कनेक्टर परत वापरायचाय का तुम्हाला?”

“छे, तो टाकायचाच आहे.”

“मग त्याला अख्खा कशाला काढताय?”

उत्तर मला माहीत होतं. आमच्या घरात दह्याचा रिकामा डबासुद्धा धुऊन ठेवतात. एखादी गोष्ट न मोडता निघत असेल तर मोडायची कशाला, हे माझ्या हाडात आहे. मी सकाळपासून बोर्डही वाचवत होते आणि टाकायचा कनेक्टरही वाचवत होते. ओढाताण होत होती ती त्याचीच.

“कापा त्याला,” रेश्मा म्हणाली. “आधी वरचं प्लास्टिक तुकडे करून काढा. पिना सुट्ट्या झाल्या की एकेक काढा. ओढायची न्हाई, नुसती धरायची. कथिल पातळ झालं की ती आपली आपण येती. आणि तापमान वाढवू नका. नवं कथिल घाला, थांबा.”

मग तिनं विचारलं, जेवलात का? मी हो म्हटलं. डबा हातात तसाच होता. तिकडे तिला कुणीतरी हाक मारली आणि ती गेली.

शेडमध्ये मी थोडा वेळ बसले. समोर रस्त्यावरून पौडकडे जाणारा टेम्पो गेला. तेव्हा मनात जे आलं ते लिहायला हरकत नाही. पॅड उचलला गेला असता तर कुणी मला दोष दिला नसता. शिकाऊ होती, म्हणाले असते. मी बॅग भरून बार्शीला गेले असते. संध्याकाळी सगळे जण एका ताटाभोवती शेंगा सोलत बसतात, तिथे मीही बसले असते. एक पिन जरा जोरात ओढायची, बस. एवढंच काम होतं.

आत गेले, पट्टा बांधला.

कटरनं कनेक्टरचं प्लास्टिक कापायला सुरुवात केली. पहिला तुकडा कापताना फार जड गेलं, पुढचे सोपे गेले. सगळं प्लास्टिक निघाल्यावर बोर्डावर नुसत्या पिना उभ्या राहिल्या, कणसं खुडलेल्या शेतासारख्या. चिमट्यानं एक धरली. खालून नवं कथिल लावलं, आयर्न टेकवलं, थांबले. एकाएकी पिन चिमट्यात हलकी झाली आणि निघून आली. पॅड जागेवर होता. मला इतकं आश्चर्य वाटलं की मी ती पिन उगीचच उजेडात धरून बघितली.

एकेक करत गेले. वेळ किती गेला माहीत नाही. बाहेर कोण आलं, कोण गेलं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदाच बघितलं नाही.

अडली ती ग्राउंडची, म्हणजे अर्थिंगची, पिन. आमच्या बोर्डांच्या पोटात तांब्याचा एक पातळ पत्रा असतो आणि ग्राउंडच्या पिना त्याला जोडलेल्या असतात. तुम्ही द्याल ती उष्णता तो पत्रा पिऊन टाकतो. आयर्न टेकवून बसले तरी कथिल ढिम्म. हात आपोआप तापमानाच्या बटणाकडे गेला. मागे घेतला. चिमटा घट्ट झालेला होता, म्हणजे मी ओढायच्या बेतात होते. तोही सैल केला. बोर्ड खालून गरम करायची प्लेट असते, तिच्यावर ठेवला आणि सगळा बोर्ड सावकाश ऊबदार होऊ दिला. मग नवं कथिल. मग परत आयर्न. आणि थांबणं. बार्शी दुसरीकडे कुठे नाही, त्या चिमट्याच्या टोकाशी होती. मी चिमटा नुसता धरून ठेवला.

पिन आली. पॅड तिथेच.

मग छिद्रं तांब्याच्या वेणीनं साफ केली. ही वेणी कथिल शोषून घेते, सांडलेला चहा फडक्यानं टिपावा तसं. स्टोअरमधून नवा कनेक्टर आणून बसवला आणि पिना जोडल्या. एकही साबुदाणा नाही.

बोर्ड बाहेर नेला. दत्ताभाऊंनी तो दोन्ही हातांत प्रसादासारखा घेतला, टेस्टरला लावला. दिवा हिरवा लागला. पाटणकर सरांनी खात्रीसाठी परत लावायला सांगितला, परत हिरवा. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. लाइन लीडर ओरडली, चला गं, आणि सगळ्या जणी आपापल्या जागी पळाल्या, कारण अडलेला माल खूप होता. टेबलाशी मी आणि दत्ताभाऊ उरलो. ते म्हणाले, “ताई, पुढच्या खेपंला ह्याचा फोटू काढून ठिवतो. पूजा फोटूची.” मी म्हटलं, फोटोला हार घालू नका, वाईट दिसेल.

गिऱ्हाइकाचा माणूस नंतर येऊन बोर्ड बघून गेला. कनेक्टर कुठला बदललाय ते त्याला सांगावं लागलं. आमच्या कामाला याहून मोठी शाबासकी नाही, आणि ती मिळते तेव्हा देणाऱ्याला आपण ती दिली हे कळलेलं नसतं.

बोर्ड पास झाला त्याच संध्याकाळी नवऱ्याला फोन केला. मी कायम झाले, म्हटलं. मागे सासूबाई कुणावर तरी चिडलेल्या ऐकू येत होत्या, मुलं खेळत होती. तो बाहेर अंगणात आला असावा, कारण आवाज लांब गेले.

“म्हणजे आता येत नाहीस,” तो म्हणाला.

“नाही.”

“बरं,” म्हणाला. मग म्हणाला, “बरं झालं.”

आता नव्या मुलींना मी शिकवते. पहिल्याच दिवशी सांगते की काढायला बसण्याआधी काय वाचवायचंय आणि काय टाकायचंय ते ठरवा, दोन्ही वाचवायला जाल तर पॅड उचलला जाईल. बोर्डाच्या बाबतीत हा नियम अजून चुकलेला नाही. बोर्डाबाहेर तो लावू नये. तिथे जे कापलं जातं त्यालाही संध्याकाळी फोन करावा लागतो.